युरोपच्या नाण्यांमागचे आफ्रिकी सोने

महोदय,

मध्ययुगीन युरोपविषयीच्या लेखांत सरंजामदार, भूदास, चर्च आणि धर्मयुद्धे यांचे वर्णन सविस्तर येते. मात्र त्याच काळातील आफ्रिकी राज्यांचा साधा उल्लेखही बहुधा नसतो, याची खंत वाटते. १२५२ मध्ये फ्लॉरेन्सने फ्लोरिन हे सोन्याचे नाणे पाडले आणि पुढे युरोपात सोन्याच्या नाण्यांचा व्यवहार वाढत गेला, त्याला पश्चिम आफ्रिकेतून सहारा ओलांडून येणाऱ्या सोन्याचा मोठा आधार होता. उंटांच्या तांड्यांवरून हे सोने उत्तरेला जाई आणि दक्षिणेकडे येई ते प्रामुख्याने मीठ. तघाझा या मिठाच्या खाणींच्या गावी १३५२ मध्ये पोहोचलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तेथील घरेच नव्हे, तर मशीदही मिठाच्या लाद्यांनी बांधलेली आणि उंटांच्या कातड्यांनी शाकारलेली पाहिली.

पश्चिम आफ्रिकेतील मालीचा सम्राट मानसा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला, तेव्हा त्याने इतके सोने वाटले की तेथील सोन्याचा भाव उतरला. भूमध्य समुद्रातील मेजॉर्का बेटावर सुमारे १३७५ मध्ये तयार झालेल्या कॅटलान नकाशासंग्रहात तो मुकुट घालून, हाती सोन्याचा गोळा धरून बसलेला दिसतो. त्या काळच्या युरोपीय नकाशाकाराला ठाऊक असलेला हा राजा आज मराठी वाचकाला अनोळखी राहावा, हे मनाला पटत नाही. आपल्या पुरवणीत माली, घाना आणि ग्रेट झिम्बाब्वे या मध्ययुगीन आफ्रिकी राज्यांवर स्वतंत्र लेख यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा