एका बाळासाठीही लसीची व्हायल (बाटली) उघडा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी दिव्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्या भागातल्या एका चाळीत शनिवारी संध्याकाळी बारसं होतं. दहा बाय दहाची खोली, त्यात पंचवीस माणसं. रविवारी सकाळी त्यातल्या एका मुलीच्या कानामागे पुरळ दिसलं. गोवर. बारशाला आलेला सव्वा वर्षाचा एक मुलगा आदल्या संध्याकाळी तिच्याच मांडीवर खेळत होता. त्याची नवव्या महिन्याची लस आई गावी असताना चुकली, ती राहूनच गेली.

सोमवारी सकाळी त्याला घेऊन मी लसीकरणाला गेले. नर्सताई म्हणाल्या, "एका बाळासाठी व्हायल नाही उघडत ताई, गुरुवारी सत्र आहे, तेव्हा आणा." मी परत फिरले. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस दिली तर गोवर टळू शकतो, निदान सौम्य होतो, हे मला नंतर कळलं. आमचे ७२ तास मंगळवारी संध्याकाळी संपले. अकराव्या दिवशी पोराला ताप भरला, चौदाव्या दिवशी पुरळ, मग न्यूमोनिया. आता तो बरा आहे, पण आधी कळलं असतं तर मी त्या दारातून हललेच नसते.

नर्सताईंना मी दोष देत नाही. एका व्हायलमध्ये अनेक डोस असतात; गोवर-रुबेलाची लस एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेले डोस फेकावे लागतात. म्हणून हात थांबतो. तुम्ही लेखी आदेश काढा: गोवराच्या संपर्कात आलेलं, लस न झालेलं मूल आलं की त्याच दिवशी व्हायल उघडायची आणि वाया गेलेल्या डोसचा जाब कुणाला विचारायचा नाही. २०२२ च्या साथीत सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायचं ठरलं होतंच. मग पहिलं पुरळ दिसल्यावर एक व्हायल का नको?

अजून एक. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना आणि गरोदर बायकांना ही लस देत नाहीत. प्रतिकारशक्ती नसेल तर संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं. त्या मुलाची आई पाचव्या महिन्यात होती. ते कुठे मिळेल, हे मी दोन दिवस विचारत फिरले. ठाणे जिल्ह्यात ते कुठे मिळतं, त्याचा पत्ता आणि फोन प्रत्येक आशाताईच्या मोबाईलवर असू द्या.

आणि ही सोय सुट्टीच्या दिवशीही हवी. पुरळ रविवारीच दिसलं होतं.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, दिवा, ठाणे