चेकनाक्यापलीकडे ही करमाफी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर नाही, हे आता रिक्षावालाही सांगतो. पण घर बदलताना हीच अर्धी माहिती लोकांना महागात पडते. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत मी बरीच वर्षे सचिव होतो. नवीन सभासद आला की आधी पार्किंग, मग पाणी किती वाजता येते, आणि लगेच ‘आपल्याला टॅक्स नाही ना?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तर दर वेळी वेगळे द्यावे लागे, कारण माफी माणसाला नसते. ती घराला असते, आणि तीही एका हद्दीपुरती.

हद्दीचेच बघा. मुंबई महानगर प्रदेशात ९ महापालिका आहेत. मुंबईचा कारभार १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमावर चालतो आणि ही माफी त्याच कायद्यातली. मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात गेलात, दहिसरच्या पुढे मीरा-भाईंदरला गेलात, की कायदा दुसरा, महापालिका दुसरी आणि बिलही दुसरे. लोकलचा पास तोच, पेपर तोच, पण गिरगावातली खोली विकून डोंबिवलीला ब्लॉक घेणाऱ्याने मुंबईची माफी तिथे धरून चालू नये. जकातीचे ट्रक चेकनाक्यावर रांगेत उभे असायचे तेव्हा ही हद्द डोळ्यांना दिसायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली आणि हद्द फक्त कागदावर उरली.

माफीचा इतिहासही सरळ नाही. २०१९ मध्ये लहान घरांना सूट मिळाली ती फक्त सर्वसाधारण कराची. बिलावर सर्वसाधारण कर, जल लाभ कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर अशा ओळी एकाखाली एक असतात. त्यातली पहिली ओळ पुसली, बाकीच्या तशाच राहिल्या. लोक बिल हातात घेऊन विचारायचे, माफ झाला तो कुठला? पूर्ण माफीचा निर्णय जानेवारी २०२२ मधला. आज ४०० फुटांचे जुने घर घेणाऱ्याने हा मधला काळ विसरू नये. आधीची थकबाकी माफीने आपोआप पुसली जात नाही, तिच्यावर दरमहा २ टक्के दंड चढतो आणि कायद्याने तिचा बोजा मालमत्तेवर असतो. विकणारा टेम्पोत सामान भरून गावाला गेला तरी बोजा फ्लॅटबरोबर तुमच्याकडे येतो. शिवाय खरेदीनंतर ३ महिन्यांत पालिकेला हस्तांतर कळवायचे असते. ‘टॅक्सच नाही तर नाव कशाला बदलू’ म्हणून स्वस्थ बसलेले सभासद मी पाहिले आहेत. पुढे तोच फ्लॅट विकायला काढला की मग त्यांची धावपळ सुरू होते.

सर्वांत जास्त घोळ होतो तो क्षेत्रफळाचा. मर्यादा आहे ४६.४५ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फूट, आणि ती कारपेटची, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेची. जुन्या करारनाम्यांत बिल्टअप (भिंती धरून) लिहिलेले असते, एजंट सुपर बिल्टअप (जिना-लॉबीचा वाटाही धरून) बोलतो आणि पालिकेच्या नोंदीत तिसराच आकडा निघतो. बिल्टअप ५८० म्हणून ‘आपण बसत नाही’ असे समजून गप्प राहिलेले घर कारपेटमध्ये सहज बसू शकते.

उलटा प्रकार पुनर्विकासात होतो, आणि त्यावर कोणी बोलत नाही. आमच्या शेजारच्या सोसायटीत ४३० फुटांची घरे होती, सगळी माफीत. बिल्डरने २५ टक्के वाढीव जागा देऊ केली तेव्हा सभेत टाळ्या पडल्या. आता ४३० चे होतात ५३७. कर वरच्या ३७ फुटांवर लागत नाही, सगळ्या ५३७ फुटांवर लागतो. त्यातही मुंबईत २०१० पासून आकारणी भांडवली मूल्यावर आहे. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय, मजला हे सगळे त्यात धरतात. जुन्या इमारतीला वयाची सवलत मिळत होती, नव्या टॉवरला ती कुठली मिळणार? बिल्डरकडून मिळणाऱ्या ठेवीच्या, म्हणजे कॉर्पस फंडाच्या व्याजातून मेंटेनन्स भागवण्याचे गणित मांडणाऱ्या पेन्शनर मंडळींनी या बिलाचा रकाना त्यात धरलेलाच नव्हता. मोठे घर नको, असे मी म्हणत नाही. मलाही आवडेल. पण सादरीकरणात जिम आणि पोडियमची रंगीत चित्रे दाखवणाऱ्याने कराचा एक आकडा दाखवायला काय हरकत आहे? बीडीडी चाळीतल्या १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांचे घर मिळते, ते बरोबर रेषेवर थांबते. सगळ्यांचे नशीब एवढे नेमके नसते. रेषेच्या अलीकडे शून्य आणि पलीकडे पूर्ण कर, ही रचनाच मला पटत नाही. मध्ये एखादी पायरी हवी.

बाहेरगावाहून येणाऱ्यांची गोष्ट निराळी. पुण्याहून बदली होऊन आमच्याकडे भाड्याने आलेल्या एका जोडप्याने कोथरूडचा स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिला आहे. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत देते. मध्यंतरी ती बंद झाली होती, २०२३ पासून पुन्हा लागू झाली. भाडेकरू ठेवला की त्या सवलतीवरचा हक्क जातो. मुंबईत आकारणी भांडवली मूल्यावर असल्याने भाड्याच्या रकमेशी कराचा थेट संबंध उरलेला नाही. त्यामुळे इथल्या मित्रांना विचारून पुण्यातला हिशेब मांडला तर चुकणारच. त्या दोघांनी भाडे ठरवताना हा फरक धरलाच नव्हता. करारावर सही झाली, भाडेकरू राहायला आला आणि मग हे कळले.

बाकीचे थोडक्यात सांगतो. व्यवसाय कर राज्याचा असतो, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. पुण्या-नाशिकहून येणाऱ्याला त्यात काही फरक नाही, दिल्लीहून येणाऱ्याला तो नवीन वाटतो. परराज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर आरटीओत पुन्हा नोंदवावी लागते. एमएच १२ वाल्यांनी निवांत राहावे. आणि खरेदीच्या वेळी भरलेले ६ टक्के मुद्रांक शुल्क (घर बाईच्या नावावर असेल तर ५) म्हणजे मालमत्ता कर नव्हे, हेही समजावून सांगावे लागते.

आता सोसायट्यांबद्दल. ज्या इमारतीत ४२० आणि ६१० असे दोन्ही प्रकारचे फ्लॅट असतात, तिथे वार्षिक सभेत एक वाद हमखास होतो. मोठ्या फ्लॅटवाले म्हणतात, इमारत सगळ्यांची, कर सगळ्यांनी सारखा वाटून घ्यावा. हे चूक आहे. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, मालमत्ता कर स्थानिक प्राधिकरण ज्या फ्लॅटला जेवढा लावील तेवढाच त्या फ्लॅटकडून घ्यायचा असतो. पाणीपट्टी वेगळी, ती माफीवाल्यांनाही भरावी लागते आणि ती नळांच्या संख्येवर वाटतात. माफी लहान घराला दिली ती शेजाऱ्याचे बिल हलके करायला नव्हे. भाडेकरूंनीही घरमालकाला ‘टॅक्स’ म्हणून वर काही देण्याआधी त्या फ्लॅटचे बिल मागावे.

पालिकेकडे माझे मागणे फार मोठे नाही. बिलावर कारपेट क्षेत्रफळ चौरस फुटांतही ठळक छापावे आणि घर माफीत असेल तर तसे मराठीत एका ओळीत लिहावे. दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवताना त्या मालमत्तेच्या थकबाकीचा उतारा जोडणे सक्तीचे करावे. वीजबिल मागतात, पॅन मागतात, मग हाही कागद मागावा. आणि पुनर्विकासाच्या प्रस्तावात नव्या घराचा अंदाजे वार्षिक कर लिहिल्याशिवाय सभेत मतदान घेऊ नये, असा आदेश सहकार खात्याने काढावा. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची पहिली सभा लवकरच आहे. तिथे हा रकाना कोरा दिसला तर मी हात वर करणार नाही.

आपला,
एक माजी सचिव,
मुलुंड (पूर्व), मुंबई