सिट्रीनची जोडी

प्रिय वैजू,

रेवतीला लग्नात हिरे नकोत, मोत्यांच्या कुड्याच हव्यात आणि मधल्या लाल खड्याच्या जागी पिवळा हवा, हे वाचून मला इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसले. पोरीची निवड खणखणीत आहे. लग्नानंतर साध्या सुती साडीवरही ती त्या कुड्या घालेल.

तू पाठवलेल्या फोटोतल्या खड्यांबद्दल मी काहीच म्हणत नाही. फोनच्या फोटोत पिवळा रंग कधीच खरा दिसत नाही. पण दुकानदार पावतीवर ‘पुष्कराज टोपाझ’ लिहून देतो म्हणाला, तिथे मात्र थांब. बाजारात पुष्कराज म्हणजे पिवळा सफायर आणि टोपाझ हे निराळंच खनिज. तू लिहिलेल्या भावात मिळतो तो बहुधा सिट्रीन, आपले सराफ ज्याला सुनहला म्हणतात तो, स्फटिकाच्या कुळातला. काट्यावरही फरक कळतो. ६ मिलिमीटरचा गोल सिट्रीन पाऊण कॅरेटच्या आसपास भरतो, त्याच मापाचा सफायर कॅरेटच्या पुढे जातो, कारण सिट्रीनची घनता २.६५ आणि सफायरची ४. सिट्रीन चांगलाच खडा आहे, त्याला दुसऱ्याचं नाव कशाला लावायचं? पावतीवर ‘सिट्रीन’ असंच लिहून घे.

बाजारातला बहुतेक सिट्रीन मुळात जांभळा असतो. ब्राझीलचा ॲमेथिस्ट, म्हणजे जांभळा स्फटिक, भट्टीत तापवला की त्यातल्या लोहामुळे तो पिवळा-नारिंगी होतो. तापवलेला म्हणून नाक मुरडू नकोस, रोजच्या वापरात तो रंग उतरत नाही. जमिनीतूनच पिवळा निघालेला सिट्रीन कमी मिळतो आणि बऱ्याचदा फिका असतो. त्या नावाखाली कोणी जास्त पैसे मागितले तर लेखी दाखल्याशिवाय देऊ नकोस.

आता जोडीचं. एक सुंदर खडा कोणीही निवडेल, जोडी निवडताना डोळ्याचा कस लागतो. मी जयपूरला गोपालजी का रास्त्यावर जाते तेव्हा व्यापारी पुडी उघडून पांढऱ्या कागदावर खडे ओततो आणि स्वतःच दोन उचलून पुढे सरकवतो, “वजन बिलकुल एक है जी.” वजन मी सगळ्यात शेवटी बघते. एक खडा पोटाला खोल आणि दुसरा पसरट असला तरी काटा दोघांना सारखंच वजन देईल, आणि कानात मात्र एक मोठा दिसेल, एक लहान. म्हणून आधी रंग, मग रंगाची गडद-फिकी पातळी, मग वरून दिसणारा व्यास, मग खोली. वजन त्यानंतर.

रंग बघायला दुकानातले दिवे बंद करायला सांग किंवा खडे घेऊन दाराशी जा. पिवळ्या दिव्याखाली फिका खडाही भरलेला दिसतो. सकाळी दहा-अकराचा उजेड, पण थेट ऊन नको. पांढऱ्या कागदावर दोघांना शेजारी ठेव आणि मग जागा बदल, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. एक खडा दोन्ही जागी गडद दिसला तर फरक खड्यातच आहे. जागा बदलल्यावर डावीकडचाच गडद राहिला तर उजेड तिरका येतोय. सारखं पिवळं बघून डोळा बधिर होतो, म्हणून मधूनच बाहेर झाडांकडे बघ आणि परत ये. पुढे संध्याकाळी घरच्या दिव्यातही एकदा बघायचेच, कारण लग्नाचं रिसेप्शन त्याच उजेडात असणार.

मग खडे पालथे कर, टोक वर. सिट्रीनमध्ये रंग बऱ्याचदा पट्ट्यापट्ट्यांनी साचलेला असतो आणि तो वरून न दिसता असाच दिसतो. थोडा पट्टा असला तर चालेल. गोल खडा कोंदणात फिरवता येतो, म्हणून कारागिराला सांगायचं की दोन्ही कानांतले पट्टे एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटतील असे बसव. मला विचारशील तर एकाच कच्च्या दगडातून काढलेले दोन खडे मिळाले तर बाकी सगळं सोडून तेच घे. ती जवळीक दुसऱ्या कशाने येत नाही.

कुडीसाठी अजून एक परीक्षा. लोंबत्या डुलात मागून उजेड शिरतो, कुडी कानाच्या पाळीला चिकटून बसते. त्यामुळे खड्याचं पोट नीट कापलेलं हवं. सिट्रीनच्या खालच्या पैलूंचा कोन साधारण ४१ अंशांच्या खाली गेला की उजेड परत वर येण्याऐवजी खालून निसटतो आणि खड्याच्या मधोमध खिडकी पडते. खडा वर्तमानपत्रावर ठेव. मधून अक्षरं वाचता आली तर कानात तिथे पाळीची कातडी दिसणार आणि खडा मेलेला वाटणार. असा खडा कितीही स्वस्त असो, परत दे. माप लहान असलं की रंगही फिका पडतो, म्हणून मोठ्या अंगठीसाठी घेतला असतास त्यापेक्षा एक छटा गडद घे. मला रेवतीसाठी केशर घातलेल्या दुधाच्या सायीसारखा रंग दिसतोय, तपकिरीकडे झुकणारा अजिबात नको.

मापाचं सोपं आहे. मधलं कोंदण आणि भोवतीचे मोती एकाच व्यासाचे असले की भोवती बरोबर सहा मोती बसतात, ना फट ना गर्दी. मोती ६ मिलिमीटरचे घेतले तर सोन्याची भिंत धरून खडा साधारण साडेपाचचा हवा.

बसवण्याचं काम मात्र घाईचं नको. सोनं १८ कॅरेट की २२, हे तू विचारलंस. पारंपरिक कुडीला २२ कॅरेटचा पिवळेपणा शोभतो आणि इथे खडा पूर्ण भिंतीच्या कोंदणात बसणार, म्हणून मऊ सोनं चालेल. नुसत्या चार टोकांवर धरायचा असता तर मी १८चाच आग्रह धरला असता. कोंदणाची पाठ उघडी ठेव, दोन्हींची सारखीच. एकाची बंद आणि एकाची उघडी झाली तर मेहनतीने जुळवलेला रंग वेगळा दिसेल. दोन्ही खड्यांचे वरचे सपाट भाग कोंदणातून सारख्याच उंचीवर आले पाहिजेत, खोली थोडी कमी-जास्त असली तर कारागिराने घर तेवढं कोरून घ्यायचं.

क्रम त्याच्याकडून वदवून घे. फिरकीच्या दांड्यासकट सगळं डाखकाम, म्हणजे आचेवर सोनं जोडायचं काम, आधी, मग खडा, आणि सोन्याच्या तारेत मोती शेवटी. स्फटिकाला एकदम आच लागली की तो तडकतो, मोती तर उष्णता आणि तेजाब दोन्हींनी जातो. सिट्रीन कठीणपणात ७ आहे, टोपाझसारखा एका पातळीत दुभंगत नाही, पण कडेपर्यंत आलेली बारीक चीर असली तर भिंत दाबताना तिथूनच टवका उडेल. म्हणून दहापट भिंगातून दोन्ही खड्यांची कड गोल फिरवून बघायची.

आणि वैजू, एक तिसरा खडा घे. त्याच लॉटमधला, त्याच छटेचा. सिट्रीन परवडतो म्हणून हे शक्य आहे. उद्या फिरकी सैल होऊन एक कुडी कुठे पडली तर वर्षांनी तोच पिवळा शोधत फिरणं फार अवघड जातं. तिसरा खडा कापसात गुंडाळून पावतीबरोबर लॉकरमध्ये ठेव.

आता तू एवढं कर. त्या दुकानदाराला बयाणा देऊ नकोस. रेवतीच्या जुन्या कुडीचा व्यास आणि फिरकीच्या दांड्याची जाडी मोजून कळव, आणि तिच्या शालूचा एक धागा पाकिटात घालून पाठव. मी पुढच्या महिन्यात जयपूरला निघतेच आहे. दोन-तीन जोड्या मागून आणते, तुझ्याच खिडकीत बसून आपण तिघी निवडू. मोत्यांचं आईच्या ओळखीच्या पटव्याशी, म्हणजे मोती ओवणाऱ्या कारागिराशी, बोलते.

काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
शमा