फुप्फुसांतून जाणारी फेरीही समजावून सांगावी

संपादक महोदय,

हृदयविकारावरील वृत्तपत्रीय लेखांत हृदयाच्या धमन्यांमधील अडथळे, कोलेस्टेरॉल आणि अँजिओप्लास्टी यांविषयी भरपूर आणि उपयुक्त माहिती असते. मात्र शरीरातून हृदयाकडे परतलेले रक्त फुप्फुसांतून फिरून आल्याशिवाय पुन्हा शरीरात जात नाही, ही मूळ गोष्ट त्यांत बहुधा एका ओळीत उरकली जाते. ही उणीव मला गंभीर वाटते, कारण हृदय दुबळे झाल्याची अनेक लक्षणे याच फेरीमुळे उलगडतात.

हृदयाची उजवी बाजू ऑक्सिजन कमी झालेले रक्त फुप्फुसांकडे पाठवते आणि तिथून आलेले रक्त डावी बाजू महाधमनीवाटे सर्व शरीराला पुरवते. दोन्ही बाजूंमधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून रक्त पलीकडे झिरपते, असे प्राचीन ग्रीक वैद्य गेलन याच्या काळापासून शतकानुशतके मानले जात होते. तेराव्या शतकात अरब वैद्य इब्न अल-नफीस यांनी ते नाकारले आणि रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे येते, असे लिहून ठेवले. पुढे १६२८ मध्ये इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरणाचे संपूर्ण चक्र मांडले.

विश्रांतीच्या वेळी प्रौढ व्यक्तीचे हृदय मिनिटाला साधारण ७० ठोके देते आणि दर ठोक्याला डाव्या बाजूतून सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर रक्त बाहेर पडते. तेवढेच रक्त त्याच मिनिटात उजवी बाजूही फुप्फुसांतून फिरवते. तिला दाब बराच कमी लागतो, म्हणून तिची भिंत पातळ असते, एवढाच काय तो फरक. समजा, डाव्या बाजूने दर ठोक्याला केवळ एक मिलिलिटर रक्त कमी पाठवले, तर तासाभरात चार लिटरहून अधिक रक्त फुप्फुसांत तुंबेल! निरोगी हृदयात तसे होत नाही, कारण जास्त रक्त आल्याने कप्पा अधिक ताणला गेला, की त्याचा स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो आणि जादा रक्त लगेच पुढे ढकलले जाते. मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता ठोक्यागणिक जुळणारा हा हिशेब मला शरीरातील सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटतो.

डावी बाजू दुबळी झाली, की हाच हिशेब बिघडतो. फुप्फुसांतील केशवाहिन्यांमधला (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांमधला) दाब वाढून त्यांतील पाणी वायुकोशांत झिरपू लागते. आडवे झाल्यावर पायांकडचे रक्त छातीकडे येत असल्यामुळे अशा रुग्णाला झोपल्यावर धाप लागते आणि उठून बसल्यावर बरे वाटते. उजवी बाजू दुबळी झाली, तर रक्त शरीराच्या बाजूला साचून पाय सुजतात. हे माहीत नसलेला माणूस छातीत कळ येत नाही म्हणून हृदयाविषयी निर्धास्त राहतो, दम लागण्याचा दोष वयाला देतो आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो.

म्हणून हृदयविकारावरील लेखांसोबत दोन्ही फेऱ्या दाखवणारी एक स्पष्ट आकृती छापावी आणि झोपल्यावर लागणारी धाप किंवा पायांवरील सूज यांचा त्या फेऱ्यांशी असलेला संबंध तिथेच समजावून सांगावा, अशी विनंती आहे. आकृतीत ऑक्सिजन कमी असलेल्या रक्ताला दिला जाणारा निळा रंग केवळ खुणेसाठी असून शिरांतले रक्तही गडद लालच असते, एवढी टीपही तिच्याखाली द्यावी.

आपला,
एक वाचक