कुकीजच्या डब्यासोबत

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

या पत्रासोबत आम्ही घरी केलेल्या कुकीजचा डबा पाठवत आहे. त्यात मासे, चांदण्या आणि पाने आहेत. जो आकार ओळखू येणार नाही, तो पान समजावा.

पहिली खेप पार फसली. २२५ ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साखर, एक अंडे आणि ३६० ग्रॅम मैदा हे सारे तोलून घेतले होते, फुगून कडा पुसट होऊ नयेत म्हणून बेकिंग पावडरही घातली नव्हती, तरी ओव्हनमधून माशांऐवजी चपट्या चकत्या बाहेर आल्या. चूक माझ्या घाईची. पीठ थंड न करताच भाजायला ठेवल्यामुळे मैदा आणि अंडे घट्ट होऊन आकार धरण्याआधीच लोणी वितळून पसरले. दुसऱ्या वेळी पीठ बटर पेपरच्या दोन कागदांमध्ये सहा मिलिमीटर जाड लाटून तासभर फ्रिजमध्ये ठेवले आणि मगच साच्याने कापले. उरलेल्या कडा एकदाच पुन्हा लाटल्या, कारण वारंवार लाटल्याने मैदा चिवट होतो आणि ते बाबांच्या कवळीला मानवणार नाही. त्याच विचाराने १८० अंशांवर नऊच मिनिटे भाजून, कडांना जेमतेम सोनेरी छटा येताच ट्रे बाहेर काढला.

आई, आयसिंगमध्ये कच्चे अंडे आहे का, हा तुझा पहिला प्रश्न असणार. नाही. पिठीसाखरेत अंड्याचा कच्चा पांढरा भाग फेटण्याची जुनी रीत आहे, पण त्यातून साल्मोनेलाची बाधा होऊ शकते आणि तुमच्या वयात तो धोका नको, म्हणून मेरिंग पावडर, म्हणजे पाश्चराइज केलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाची वाळवलेली भुकटी, वापरली.

सजावटीला मात्र अख्खी दुपार गेली. आधी दाट आयसिंगने आकाराची कड आखायची आणि मग आत थोडे पातळ आयसिंग सोडायचे. ते किती पातळ हवे, हे सुरीने ठरते: वाडग्यात सुरीने ओढलेली रेघ साधारण पंधरा सेकंदांत मिटली, तर आयसिंग जमले, त्याआधीच मिटली, तर ते कडेवरून ओघळणार. वर आलेले बुडबुडे तुमची नात टूथपिकने एकेक करून फोडत होती, आणि तेवढा वेळ घरात विलक्षण शांतता होती. माशाचा डोळा उठावदार हवा असेल, तर खालचा थर पूर्ण वाळेपर्यंत थांबावे लागते. ओल्यावर दिलेला ठिपका त्यातच बसतो. ती थांबली, मी थांबलो नाही.

डबा फ्रिजमध्ये ठेवू नये; बाहेर काढल्यावर कुकीजना पाणी सुटते आणि रंग एकमेकांत उतरतात. सर्वांत वर ठेवलेला, डोळा गालावर पसरलेला मासा माझ्या हातचा आहे. तो कोणाला दाखवण्याआधी बाबांनी खाऊन टाकावा.

आपला,
चिरंजीव