चावीच्या वायरिंगमधील दोषामुळे चालती मोटारसायकल बंद पडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या कंपनीची ११० सीसीची मोटारसायकल मी मार्च २०२४ मध्ये नाशिकमधील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतली. मखमलाबादहून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणे-येणे, एवढाच तिचा उपयोग आहे. सर्व सर्व्हिसिंग आपल्याच केंद्रात वेळेवर झालेल्या असून वॉरंटीची मुदत अद्याप संपलेली नाही.

गेल्या जूनपासून ही गाडी कमी वेगात हँडल पूर्ण वळवले की अचानक बंद पडते. एकदा भर पावसात द्वारका चौकात मागून ट्रक येत असताना ती अशीच बंद पडली, तेव्हा मागे बसलेल्या माझ्या मुलीला उतरवून गाडी ढकलत कडेला न्यावी लागली. केंद्रात तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेस प्लग बदलला, दुसऱ्या खेपेस थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ केली आणि तिसऱ्या खेपेस, संगणकात कोणताही दोष दिसत नाही, तेव्हा पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळेच हे होत असणार, असे सांगून मला परत पाठवले. गाडीच्या टाकीवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) चालेल असे आपणच छापले आहे, याकडे लक्ष वेधले असता उत्तर मिळाले नाही. या तीन खेपांचे मिळून १,८७० रुपये माझ्याकडून घेतले गेले.

अखेर एका रविवारी मी स्वतःच अंगणात गाडी तपासली. चावी फिरवल्यावर टाकीतल्या पंपाचा दोन-तीन सेकंद जो बारीक आवाज येतो, तो हँडल सरळ असताना येत होता आणि उजवीकडे टोकाला वळवल्यावर येत नव्हता. हेडलाइटचा डोम उघडला तेव्हा चावीच्या स्विचकडून येणारी वायर चेसीच्या गळ्याशी क्लिपमध्ये इतकी ताणून बसवलेली आढळली की प्रत्येक वळणावर ती त्याच जागी वाकत होती. वरचे प्लास्टिक शाबूत होते, पण आतली तांब्याची तार जवळजवळ तुटलेली होती. केंद्रात मात्र तिन्ही वेळा गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करूनच तपासली गेली.

माझ्या वडिलांकडे १९९१ सालची हीरो होंडा सीडी १०० होती. त्या ९७.२ सीसीच्या गाडीत कार्बोरेटर होता आणि ठिणगीची वीज इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोतून येत असे, त्यामुळे बॅटरी उतरलेली असली तरी ती किकवर सुरू होई. अशा गाडीत चावीची वायर इंजिन बंद करण्यापुरतीच असते. ती तुटलीच तर फार तर गाडी चावीने बंद होत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली, बहुतेक छोट्या गाड्यांतही कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, पंप आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आले, आणि या सगळ्यांना लागणारी वीज आता त्याच चावीतून जाते. म्हणजे वायर तुटण्याचा परिणाम नेमका उलटा झाला आहे. हा बदल प्रदूषणासाठी आवश्यक होता आणि मायलेजबाबत माझी काहीही तक्रार नाही. मात्र ज्या वायरीवर आता धावते इंजिन अवलंबून आहे, ती हँडलच्या हालचालीस पुरेशी ढिली ठेवायला हवी, एवढा विचार गाडी तयार करताना झालेला दिसत नाही. मी स्वतः कारखान्यात यंत्रावर काम करतो; हलणाऱ्या भागावरच्या केबलला झोळ ठेवतात, हे आमच्याकडे नवशिक्या मुलालाही पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते.

तरी वायरिंगचा पूर्ण संच विनामूल्य बदलून द्यावा, क्लिपची जागा दुरुस्त करावी, घेतलेले १,८७० रुपये परत करावेत आणि याच मॉडेलच्या इतर गाड्यांत ही वायर हँडल दोन्ही बाजूंना वळवून तपासण्याची लेखी सूचना आपल्या केंद्रांना द्यावी, ही विनंती. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागणे मला भाग पडेल.

बिलांच्या प्रती आणि वायरीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तुटलेली वायर मी तात्पुरती जोडून घेतली असून जुना तुकडा जपून ठेवला आहे. आपल्या अभियंत्यास तो केव्हाही दाखवता येईल.

आपला,
एक ग्राहक
मखमलाबाद, नाशिक