मूडची वाट बघू नकोस

प्रिय पम्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "समजतं सगळं रे, पण बसवतच नाही." ते डोक्यातून जाईना, पोटात नुसती कालवाकालव झाली. राज्यसेवेच्या प्रिलिमला, म्हणजे पूर्वपरीक्षेलाच, थोडक्यात राहिलं की काय होतं ते आपण सदाशिव पेठेतल्या रूमवर किती पोरांचं बघितलंय. पोरगं हुशार असतं, वाचलेलं असतं, पण पुस्तक उघडायचं म्हटलं की अंगात त्राणच नसतं. मग जो तो सांगतो टॉपरचे इंटरव्ह्यू बघ, मोटिव्हेटेड राहा. त्या व्हिडिओंनी चढलेला जोर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरतो, हे तुला मी काय सांगू.

माझं ऐकशील तर मूडवर काही सोडूच नकोस. जाहिरात, तारीख, कटऑफ, यातलं आपल्या हातात काय आहे सांग बरं? रिझल्ट वर्षाकाठी एकदा लागणार आणि आपण त्याच्यावर वर्षभराची उमेद धरून बसणार, मग ती टिकेल कशी. रोज संध्याकाळी "आज हे केलं" असं म्हणता येईल असं काहीतरी पाहिजे, लहान का असेना, पण आपल्या हातातलं.

तर असं कर. रात्री मेसवरून जेवून आलास की अभ्यासिकेत आपल्या जागेवर बसायचं आणि मोबाइल हातात घ्यायच्या आधी एक उत्तर लिहायचं. एकच, दीडशे शब्दांचं. चांगलं येवो नाहीतर भिकार येवो. राज्यसेवेची मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, आता वर्णनात्मक झालीय, लेखीचेच १७५० मार्क, निबंध, जीएस (सामान्य अध्ययन), ऑप्शनल विषय सगळं हाताने लिहायचंय, त्यामुळे कितीही वाचलं तरी हाताला सवय नसेल तर तीन तासांत पेपर पुरा होत नाही, म्हणून मी वाचायची नाही, लिहायची सवय लाव म्हणतोय. फुलस्केप आणि पेन आधीच टेबलवर काढून ठेव, प्रश्नसुद्धा आदल्या रात्रीच कागदावर वरती लिहून ठेव. नाहीतर "आज कोणता घेऊ" करत अर्धा तास जातो आणि तेवढ्यात कोणीतरी चहाला चल म्हणून येतंच.

आणि घड्याळाची वेळ ठरवू नकोस, जेवणाला बांध. मेसचं जेवण कधी नऊला होतं कधी दहाला, पण होतं ना रोज? जेवण झालं की उत्तर, बस्स.

२१ दिवसांत सवय लागते वगैरे डोक्यातून काढ. तो आकडा एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला, पेशंटना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात असं त्याने लिहिलं होतं, त्याचा आपल्या अभ्यासाशी काय संबंध! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक गोष्ट रोज ठरलेल्या वेळी, म्हणजे नाश्त्यानंतर वगैरे, करायला लावली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, आणि कोणाला १८ पुरतील तर कोणाला २५४ सुद्धा लागतील असा हिशोब आला. सोपी गोष्ट लवकर लागते, व्यायामासारखी अवघड उशिरा. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे की मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. तू गावी जत्रेला गेलास, लिहिणं राहिलं, तर "झालं, तुटलं सगळं" म्हणून आठवडाभर सोडून देतोस ना, ते करू नकोस. परत आलास की जेवण, जागा, उत्तर. राहिलेलं भरून काढायला एका रात्रीत पाच लिहीत बसू नकोस, त्याने फक्त कंटाळा येतो.

सकाळी जमलं तर पर्वती चढून ये, रात्री दोन-दोनपर्यंत जागत जाऊ नकोस, पण यातलं काही सध्या नाही झालं तरी चालेल. सगळं एकदम धरलं की सगळंच सुटतं. आधी ते एक उत्तर बसू दे.

रोज लिहून झालं की कागदाचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. मी तपासणार नाही, मार्क देणार नाही, आलाय का तेवढंच बघेन. नाही आला तर सकाळी फोन करेन आणि ओरडणार नाही, शप्पथ. कागद टाकू नकोस, तारीख घालून फाइलला लाव. पुढच्या महिन्यात मी पुण्याला येतोय, तेव्हा पहिलं आणि शेवटचं शेजारी ठेवून बघू, आणि अभ्यासिकेची फी थकली असेल तर आत्ताच सांग, लाजू नकोस.

काकूंना आठवड्यातून एकदा तरी फोन करत जा, त्या मला विचारतात.

तुझाच,
बाळ्या